बंद घरात वाढलेला बर्फ

१

फ्रीजरचं दार बोटभर उघडं होतं. आत मागच्या बाजूला बर्फाचा असा जाड थर बसला होता की मटाराची पिशवी त्यात अर्धी गाडली गेली होती. वितळलेलं पाणी दाराच्या कडेनं ओघळून मागच्या व्हरांड्याच्या फरशीवर उतरलं होतं आणि पार लोखंडी जाळीपर्यंत पोचलं होतं.

मे महिन्याची सकाळ होती. भिलाई-३ मधल्या त्या बैठ्या घरात फ्रीजसमोर तिघं उभे होते, पण फ्रीजकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कमलेश आईकडे बघत होता. कमलेशचे काका भाऊराव आपल्या वहिनीकडे बघत होते. आणि सिंधुताई ढोमणे त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

पुन्हा उघडं राहिलं, असं भाऊराव हळू आवाजात म्हणाले. त्यांनीच सकाळी रायपूरला फोन करून कमलेशला बोलावून घेतलं होतं. ते मागच्याच गल्लीत राहायचे, आणि अडीअडचणीला असावी म्हणून या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची.

सिंधुताईंना त्या हळू आवाजाची चीड होती. दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड असलेले त्यांचे यजमान रामाजी नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी सिंधुताईंना रेल्वेत तिकीट खिडकीवर घेतलं. त्या खिडकीमागे त्यांनी सारी उमर काढली, मुलाला शिकवलं, हे घर बांधलं. रांग मोडून पुढे आलेला माणूस कितीही मोठा असो, त्याला त्या मागे पाठवायच्या. त्यांच्याशी लोक भांडायचे, चिडायचे, हात जोडायचे. हळू आवाजात मात्र कधी कुणी बोललं नव्हतं. या उन्हाळ्यात ते सुरू झालं.

सुरुवात झाली ती एका दुपारी फ्रीज पूर्ण बंद सापडला तेव्हा. दूध नासलं होतं. भाऊराव म्हणाले, वहिनीनं बटण बंद केलं असन, मी येऊन चालू केलं. मग फ्रीजरचं दार उघडं सापडायला लागलं, एकदा, दोनदा, नंतर सारखंच. मग सिंधुताई रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम खेळता खेळता भोवळ येऊन पडल्या. साखर आकाशाला भिडली होती. इन्सुलिन चुकतं का, असं डॉक्टरनं त्यांना विचारलं, आणि उत्तर कमलेशनं दिलं, की हल्ली आई विसरते.

आता तो म्हणत होता की हे घर काका घ्यायला तयार आहेत, म्हणजे घर घरातच राहील. आईनं रायपूरला यावं. तिथं स्मरणशक्ती तपासणारे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळही घेतली आहे. बोलताना तो मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत होता. वाईट मुलगा नव्हता तो. घाबरला होता.

"मी दार लावलं होतं," सिंधुताई म्हणाल्या.

"आई, तुले तसं वाटते."

दोन पावलं टाकून सिंधुताईंनी तळहातानं फ्रीजरचं दार दाबलं. टप असा आवाज होऊन ते बसलं. हात काढून त्या बाजूला झाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कुणीही हात न लावता ते दार सावकाश सुटलं आणि बोटभर उघडं होऊन थांबलं.

भाऊराव घाईनं म्हणाले, दाराचं रबर गेलं असन.

"रबर गेलं का माहं डोकं गेलं, हे आधी ठरवा," सिंधुताई म्हणाल्या. "मंग घराचं बोला."

२

खुर्सीपारहून गुड्डू मेकॅनिक आला. पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा माणूस. त्यानं आधी रबर तपासलं. एक कागद दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिला. तशी रबराची पकड चांगली होती.

मग त्यानं फ्रीजरमधला खण बाहेर ओढला आणि कमलेशला जवळ बोलावलं. मागचा बर्फ एवढा वाढला होता की त्यानं खणाला पुढं ढकललं होतं. खण दाराला आतून टेकत होता. दार जोरानं दाबलं तर बसायचं, पण आतला रेटा त्याला पुन्हा बाहेर लोटायचा.

सिंधुताईंनी मुलाकडं पाहिलं. तो म्हणाला, ठीक आहे, दार बर्फानं उघडते. पण आई, मुळात दार उघडं राहिलं म्हणूनच बर्फ झाला असन ना?

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त झोंबला.

गुड्डूनं मागचं झाकण काढलं, बर्फ वितळवला आणि एकेक भाग तपासला. बाजूला वेताचा मोडा घेऊन बसलेल्या सिंधुताई त्याला विचारत राहिल्या. त्यानं सांगितलं ते असं. या नव्या फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळतो. आत एक हीटर असतो. फ्रीज आपल्या हिशेबानं अधूनमधून तो चालू करतो, बर्फाचं पाणी होऊन नळीनं मागं जातं. हीटर जळला किंवा सेन्सर बिघडला तर बर्फ साचत जातो.

"मंग काय बिघडलं?"

गुड्डूनं चष्मा पुसला. "कुछ नहीं, ताई. हीटर चांगला, सेन्सर चांगला, पंखा चांगला. नळी पण साफ आहे." आणि जरा ओशाळून तो पुढं म्हणाला की मशीन चांगली असताना बर्फ झाला, म्हणजे दारच खूप खूप वेळ उघडं राहत असणार.

मागं उभ्या भाऊरावांनी सुस्कारा टाकला.

तिकीट खिडकीवर सिंधुताई एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं, पण त्याच्या हातातलं तिकीट स्वतः वाचायचं. त्या उठल्या आणि फ्रीजरमध्ये वाकल्या. "गुड्डूभाऊ, दार उघडं राहिलं तं बाहेरची दमट हवा पहिले कुठं लागन?"

"सामने. दाराच्या काठाला, पुढच्या सामानाला."

"पुढं बर्फ होता का?"

गुड्डूनं आठवून पाहिलं. दाराची कड कोरडी होती. पुढच्या आईस ट्रेवर भुरभुर सुद्धा नव्हती. सगळा बर्फ मागच्या भिंतीला होता. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, ये तो मेरे को भी समझ नहीं आ रहा.

जाता जाता त्यानं खालच्या कप्प्यात हात घातला आणि तो तसाच तिथं ठेवला. गार हवा वर तयार होते, मागच्या वाटेनं खाली येते. ती वाट बर्फानं बुजली होती. खालचा फ्रीज किती दिवस नुसतं कपाट होऊन बसला होता, कोण जाणे.

त्याच्या हाताशेजारी, दाराच्या खणात, सिंधुताईंच्या इन्सुलिनची बाटली उभी होती.

३

मे महिन्यातल्या भिलाईच्या उन्हात बंद कपाटात ठेवलेलं इन्सुलिन. औषधाच्या दुकानदारानं ऐकल्याबरोबर बाटली फेकून द्या म्हटलं. सिंधुताई रोज सकाळी न चुकता सुई टोचून घेत होत्या, पण सुईतून जे जात होतं त्यात दम उरला नव्हता.

कमलेशची बायको नीतू त्यांना विश्रांतीसाठी रायपूरला घेऊन गेली. निघताना घर तिनंच आवरलं. फ्रीज कोरडा पुसला, पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून ठेवल्या, वरचं दार स्वतः लावून दोनदा दाबून पाहिलं, मग कुलूप घातलं. नीतू शाळेत गणित शिकवायची आणि कुठलीही गोष्ट दोनदा तपासायची.

रायपूरला नव्या बाटलीनं साखर खाली आली. कमलेश म्हणाला, बघ, नीतूनं लक्ष ठेवलं तर कसं बरोबर होते. सिंधुताईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जे काही घडेल ते त्यांच्याच विरुद्ध फिरायचं.

"मी लक्ष नाही ठेवलं," नीतू म्हणाली. "त्या आपल्या आपण घेतात. मी उठायच्या आधीच घेऊन झालेलं असते."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. सासूसुनेचं काही फार सख्य नव्हतं. म्हणूनच सिंधुताईंना ते वाक्य मोलाचं वाटलं.

आठवडा उलटल्यावर दोघी परत आल्या. नीतूनं कुलूप काढलं. घर कोंदलेलं होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. सिंधुताई सरळ मागच्या व्हरांड्यात गेल्या आणि फ्रीजर उघडला.

मागच्या भिंतीला बर्फ होता. नवा, आधीच्यापेक्षा पातळ, पण तिथंच.

घरात माणूस नाही, दार कुणी उघडं टाकलेलं नाही, मशीन चांगली. मग हा बर्फ कुठून आला? क्षणभर त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसतोय का हा? एकटं राहताना गेले कित्येक दिवस त्या फ्रीजरचं दार लावलं की मोठ्यानं म्हणायच्या, "लावलं." स्वतःलाच ऐकू जावं म्हणून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई," नीतूचा आवाज बदललेला होता. खालचं दार उघडून ती वाकून बघत होती. "मी सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या. तुमच्यासमोर."

एक बाटली अर्धी होती.

४

किल्ल्या तीन होत्या, पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना चालणाऱ्या. एक सिंधुताईंच्या कमरेला, एक कमलेशकडे, एक भाऊरावांकडे. कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे जो आला तो किल्लीनं आला, आणि पाणी पिऊन गेला.

सिंधुताईंनी पहिल्यांदा अंजनाबाईला बसवून चहा दिला. ती दुपारनंतर धुणंभांडी करायची, सिंधुताई इन्स्टिट्यूटमध्ये रोजचा कॅरम खेळून आल्यावर. तिच्याकडे किल्ली नव्हती, पण डोळे होते. इकडचं तिकडचं झाल्यावर सिंधुताईंनी विचारलं, व्हरांडा पुसताना काही वेगळं दिसते का?

अंजनाबाई म्हणाली, वेगळं काही नाही, ती काळी रेघच तेवढी. मागच्या दारापासून फ्रीजपर्यंत रोज एक काळी रेघ उमटलेली असायची, ती घासून काढायला लागायची. फ्रीजच्याच चाकाची असेल असं तिनं धरलं होतं. आज मात्र एकावर एक किती रेघा, रॉकेल लावून घासल्या तेव्हा निघाल्या.

फ्रीज जागचा हलत नव्हता. रेघ टायरची होती. कुणीतरी मागच्या गल्लीतून दुचाकी आत घेत होतं, रिकाम्या घरात, रोज.

कमलेश लग्नाआधी आपली मोटरसायकल तिथंच लावायचा. त्याच्याकडे किल्ली होती. दुर्गला त्याच्या ऑफिसची कामं निघायची. आणि आईनं हे घर सोडावं असं त्याला वाटत होतं. स्वतःच्या पोटच्या पोरावर संशय घेताना त्यांना लाज वाटली, पण त्यांनी तो झटकला नाही. जे आहे ते बघायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

नीतूनं त्यांचा चेहरा वाचला. "तुम्हाला ह्यांच्यावर शंका येऊन राहिली ना?"

"हो," सिंधुताई म्हणाल्या. "कावून येऊ नये, ते तू सांग."

नीतू रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती विचार करत बसली. मग म्हणाली, आपण रायपूरला होतो तेव्हा ते रोज दुपारी घरी जेवायला येत होते, जेवून आडवे पडायचे. अन् संध्याकाळी घरून निघून इथं येऊन परत जाणं एखाद्या दिवशी जमलं असतं, रोज नाही. तुम्हीच तर वाढत होता त्यांना.

खरंच होतं. मुलाच्या निर्दोषपणाच्या साक्षीदार त्या स्वतःच होत्या. सिंधुताईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच दमात उठल्या. आता एकच किल्ली उरत होती.

संध्याकाळी त्या मागच्या गल्लीत जावेकडे, रंभाकडे गेल्या. रंभा तोंडानं फटकळ, मनात काही ठेवायची नाही. अंगणात गवार निवडता निवडता सिंधुताईंनी भाऊरावांनी उन्हाळा लागताना घेतलेल्या बॅटरीच्या स्कूटरची तारीफ केली आणि ती चार्ज कुठं करता म्हणून विचारलं.

माह्या घरात तं नाहीच, रंभा म्हणाली. कुठंतरी असल्या स्कूटरची बॅटरी फुटून घर पेटल्याचं तिनं मोबाइलवर बघितलं होतं. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं की ते यंत्र अंगणाच्या आत प्लगला लावायचं नाही. ते दुर्गला कुठं चार्ज करून आणते म्हणते, दुपारी जाते अन् ऊन उतरल्यावर येते.

"उन्हाचं दुर्गले जाते?" सिंधुताईंनी गवारीची शीर काढत विचारलं.

रंभाचा हात थांबला. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन सिंधुताईंनी गुड्डूला फोन लावला आणि एकच विचारलं. फ्रीज रोज दुपारी दोन-अडीच तास बंद केला तर काय होईल?

गुड्डू भराभर बोलू लागला. या मॉडेलचा फ्रीज बर्फ वितळवायची वेळ स्वतः मोजतो. दार वारंवार उघडलं तर लवकर वितळवतो, कमी उघडलं तर उशिरा. तुम्ही एकट्या, दार उघडता किती? म्हणजे तुमचा फ्रीज दिवस-दीड दिवस वाट बघणार. आणि मधेच प्लग निघाला, तर मोजलेलं सगळं पुसून पहिल्यापासून मोजायला लागणार.

"म्हणजे रोज प्लग निघाला तं वितळवायची वेळ कधी येतच नाही."

"कधीच नाही, ताई," गुड्डू म्हणाला. "बर्फ वाढतच जाणार."

५

रविवारी सिंधुताईंनी सगळ्यांना मागच्या व्हरांड्यातच बसवलं. कमलेश आला होता. भाऊराव धुतलेला पांढरा सदरा घालून आले, बहुतेक घराचं पक्कं होणार असं समजून. त्यांच्या मागून रंभा आली, ती मात्र आज काही बोलत नव्हती.

सिंधुताई फ्रीजशेजारी उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता सांगत गेल्या. बर्फ मागं होता, पुढं नव्हता, म्हणजे दार उघडं राहून तो झाला नाही. दाराला बर्फ उघडत होता. खालची हवा बर्फानं अडली म्हणून इन्सुलिन खराब झालं, म्हणून साखर चढली, म्हणून भोवळ आली. त्यांच्या विसरण्याचे म्हणून जेवढे पुरावे मांडले होते, ते सगळे या एका बर्फातून निघाले होते. आणि बर्फ कशातून, तर रोज दुपारी त्या कॅरम खेळायला गेल्या की कुणीतरी हा प्लग काढत होतं. त्या रायपूरला असताना सुद्धा. फरशीवर टायरच्या रेघा होत्या, आणि आलेला माणूस नीतूनं भरलेल्या बाटलीतलं पाणीही प्यायला होता.

कमलेशनं वळून काकांकडे पाहिलं.

भाऊराव हसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही भलतंच जोडून राहिल्या, मी तं गाडी दुर्गले चार्ज करतो.

"कुठं दुर्गले?"

त्यांनी रेल्वे स्टेशनजवळचं एक ठिकाण सांगितलं. सिंधुताई म्हणाल्या, बरं, कमलेशची गाडी बाहेर उभी आहे, आपण सगळे आत्ताच जाऊ. तुम्ही रोजचे, तिथला माणूस तुम्हाले ओळखन. आणि जाण्याआधी तुमच्या स्कूटरच्या सीटखालचा चार्जर तेवढा आणून दाखवा. मोठ्या पिनचं सॉकेट या व्हरांड्यात एकच आहे, फ्रीजचं. तुमच्या चार्जरची पिन कोणती, ते बघू.

भाऊराव उठले नाहीत. सदऱ्याची बटणं चाचपत राहिले.

बोलली ती रंभा. "म्हणजे आपलं घर पेटू नये म्हणून तुम्ही ते इथं लावत होते," ती म्हणाली. "वहिनीचं घर पेटलं असतं तं चाललं असतं?"

या प्रश्नानंतर भाऊरावांचं अवसान गळालं. घरात बायको लावू देईना, चार लोकांत तसं सांगायची लाज वाटली. रिकामं घर होतं, हाताशी किल्ली होती. प्लग काढायचा, स्कूटर लावायची, पंखा लावून पडायचं, निघताना प्लग पुन्हा लावायचा. यात एवढं काही होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी मुद्दाम नाई केलं, वहिनी," ते म्हणाले.

"प्लग काढला तो मुद्दाम नसन," सिंधुताई म्हणाल्या. "पण एक दिवस तुम्ही प्लग लावाले विसरले. माहं दूध नासलं. तेव्हा 'वहिनीनं बंद केला' असं तुम्ही पोराले सांगितलं. ते मुद्दाम होतं."

सिंधुताई थांबल्या नाहीत. ते एक खोटं पचलं, मग भाऊरावांना दिसलं की सगळे विश्वास ठेवतात. मग दार उघडं सापडलं की फोन, बर्फ दिसला की फोन. फ्रीज रोज बंद असतो हे माहीत असणारा या घरात एकटाच माणूस होता, आणि तोच सगळ्यांना सांगत होता की वहिनीचं डोकं चालत नाही. घर मिळेल हे नंतर सुचलं असेल. सुचलं मात्र नक्की.

"मी रोज रात्री दार लावून मोठ्यानं 'लावलं' म्हणत होती," त्या म्हणाल्या. आवाज इथं पहिल्यांदा हलला. "माह्या घरात, मलेच साक्ष देत होती. ते तुमच्यामुळं."

कमलेश उठून आईजवळ आला. त्यानं खिशातून स्वतःकडची किल्ली काढून तिच्यापुढं धरली. सिंधुताईंनी त्याच्या बोटांची मूठ मिटवली आणि म्हणाल्या, तुही किल्ली राहू दे. घर विकायचं नाही. त्या डॉक्टरकडे मी जाईन, पण मले वाटन तेव्हा, अन् माह्या पायानं. पुढच्या वेळी डॉक्टरनं मले विचारलं तं उत्तर मी देईन.

मग त्यांनी भाऊरावांपुढं हात पसरला. भाऊरावांनी किल्ली दिली आणि जायला निघाले.

"थांबा, भाऊजी," सिंधुताई म्हणाल्या. "काम राहिलं आहे."

६

किल्ली परत घेऊन भागण्यासारखं नव्हतं. वहिनी विसरते असं गेल्या दोन महिन्यांत भाऊरावांनी कुठं कुठं सांगितलं होतं ते सिंधुताईंना लोकांच्या आवाजावरून ठाऊक होतं. इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची जोडीदार वसुंधरा हल्ली त्यांना मऊ आवाजात सांगायची, ताई, आता तुमची पाळी आहे. जणू त्यांना तेही कळत नव्हतं. औषधाचा दुकानदार गोळ्या द्यायच्या आधी दोनदा समजावायचा. शेजारची निशा गॅस बंद आहे ना म्हणून खिडकीतून हाक मारायची. ही खोटी दया घेऊन त्यांना या वस्तीत उरलेले दिवस काढायचे नव्हते.

जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं जाऊन खरं सांगायचं. तुमच्या तोंडानं, माह्यासमोर. एवढंच त्यांनी मागितलं.

भाऊरावांनी हात जोडले. म्हणाले, वहिनी, लोकांत इज्जत जाईन. कमलेशही मधे पडला, की आई, झालं ते झालं, काका वयानं मोठे आहेत.

"मी त्याहून मोठी आहे," सिंधुताई म्हणाल्या. "अन् माही इज्जत जात होती तेव्हा तू मधे नाई पडला."

नीतूनं उठून सासूच्या चपला दारापाशी आणून ठेवल्या. रंभानं नवऱ्याकडं पाहिलं आणि फक्त म्हणाली, चला.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं. पुढं सिंधुताई, त्यांच्या मागं सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसत भाऊराव, त्यांच्या मागं रंभा. इन्स्टिट्यूटमध्ये पंखे फिरत होते, कॅरमच्या टेबलांवर खेळ रंगला होता. सिंधुताईंना बघून कोपऱ्यातल्या टेबलावरची वसुंधरा उठली आणि त्यांना खुर्ची द्यायला लागली. सिंधुताई बसल्या नाहीत. भाऊरावांना काहीतरी सांगायचं आहे, असं त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

सोंगट्यांचा आवाज थांबला. भाऊराव जमिनीकडे बघत होते. वहिनीले काही झालं नव्हतं, असं ते पुटपुटले. फ्रीज मीच बंद करत होतो. दुसरं वाक्य तर पंख्याच्या आवाजातच विरलं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून वसुंधरेनं कानामागं हात लावला.

"ऐकू नाई आलं," ती म्हणाली.

भाऊरावांनी मदतीसाठी वहिनीकडं पाहिलं. सिंधुताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांना कसलीही घाई नव्हती. भाऊरावांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून, शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात, सगळं पुन्हा सांगितलं.

संपल्यावर वसुंधरेनं पुढं केलेली खुर्ची हळूच परत आपल्याकडं ओढून घेतली आणि नेहमीच्या खरखरीत आवाजात सिंधुताईंना विचारलं, खेळायचं आहे का नुसतं उभं राहायचं आहे?

"येते," सिंधुताई म्हणाल्या. "दुकानदार अन् निशा राहिले आहेत. तेवढं करून येते." मग त्या दाराकडं वळल्या. "चला, भाऊजी."